वारा सापडेना, आरसा वाकडा

सोमवार, ३ मार्च

साडूबुवा,

नमस्कार करतो. ठेवून घ्यायचा की परत पाठवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. सहा वर्षांतलं हे माझं तुम्हाला पहिलं पत्र, आणि त्याची सुरुवात एका गंभीर अन्यायाने करावी लागते आहे.

आपल्या तळघरात बुटांना बंदी आहे हे तुम्ही विसरला नसाल. टाच आपटली की दुर्बिणीतले पट्टे थरथरतात, म्हणून दाराशी बनातीचे मऊ जोडे ठेवायचे, ते पायात चढवायचे आणि चोरासारखं आत शिरायचं. तर भांडारातून या खेपेला आलेले दोन्ही जोडे डाव्या पायाचे आहेत. मी रीतसर तक्रार केली. भांडारप्रमुखांचं रीतसर उत्तर आलं की मागणी 'एक जोड' अशी होती, जोड म्हणजे दोन, आणि दोन पोचलेले आहेत. मी पुन्हा लिहिलं की माणसाला उजवा पाय असतो. त्यावर उत्तर: 'मागणीपत्रात तसा उल्लेख नाही.' गेले पाच दिवस मी सरळ निघतो आणि डावीकडच्या भिंतीशी पोचतो.

तळघरात मी का जातो आहे, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. पडावा म्हणूनच जोड्यांचं लिहिलं.

मी अजून इथे कारकूनच आहे. मोठ्या सरांची पत्रं लिहितो, प्रयोगांच्या वह्या राखतो. गेल्या मंगळवारी डोंगरावरच्या वेधशाळेचं पत्र माझ्या टेबलावर आलं. त्यांना एक मोठा आरसा घासून घ्यायचा आहे आणि आलेल्या अर्जांत एक तुमचा आहे. त्यांनी विचारलंय: 'आपल्याकडील इथरच्या प्रयोगाचे आरसे याच कारागिराने केले होते, व ते सदोष निघाल्याने त्यास कामावरून कमी केले, हे खरे काय? मार्चअखेरपर्यंत कळवावे.'

मोठे सर म्हणाले, "त्यात काय एवढं? एक ओळ लिहा. 'होय, खरे आहे.' मी सही करतो."

मी म्हणालो, "लिहितो."

सहा दिवस झाले, लिहिलेली नाही. आधी टाक मोडला होता, मग शाई संपली होती, आज माझं मनगट दुखतंय. महिना एकतीस दिवसांचा आहे, आणि मी सबबींच्या बाबतीत कधी कमी पडलो नाही.

तुम्ही चष्म्याच्या काचा घासता, आरशांना पुन्हा हात लावलेला नाही, एवढंच आमच्या घरात कळत होतं. तेव्हा हा अर्ज लिहिणं तुम्हाला किती जड गेलं असेल, याचा अंदाज मी करू शकतो. आणि वेधशाळेने नाही म्हटलं तर तुम्ही दुसरा अर्ज करणार नाही, हेही मला ठाऊक आहे.

म्हणून ऐका. ती दगडी शिळा, तिच्याखालचा पारा, तुमचे आठही आरसे, सगळं चादरींखाली तसंच आहे. एक एप्रिलला तळघर कोळशासाठी रिकामं होणार. त्याआधी मी तो प्रयोग पुन्हा लावणार आहे, तुमच्याच आरशांवर. फक्त त्यांची चांदी काळी पडली आहे. ती पुन्हा कशी चढवायची ते कळवा. मला शिव्या घालायच्या असतील तर त्या वेगळ्या कागदावर लिहा, म्हणजे कृती फायलीला लावता येईल.

आपला (हा शब्द लिहून खोडलेला नाही, बघून घ्या),
थोरलीचा नवरा


शनिवार, ८ मार्च

साडूबुवा,

उत्तर नाही. तुमच्या गप्प बसण्याला मी नावं ठेवणार नाही. त्या विद्येत मी तुमच्या पुष्कळ पुढे आहे.

आमच्या घरात गेली सहा वर्षं तुमचा एक वकील राहतो, माझ्याच ताटाशेजारी जेवतो. थोरली. बहिणीचा नवरा बिनकामाचा झाला आणि आपला नवरा मात्र रोज डबा घेऊन जातो, यावर तिने कधी आरडाओरडा केला नाही. फक्त डबा बंद करताना झाकण जरा जोरात लावते. काल तिने पहिल्यांदाच विचारलं, "अहो, एवढं होतं तरी काय त्या प्रयोगात?"

मी म्हटलं, "आवाज हवेतून येतो. मग प्रकाश कशातून येतो? सूर्य आणि आपण यांच्यामध्ये तर हवा नाही. म्हणून विद्वानांनी ठरवलं की सगळीकडे इथर भरलेलं आहे, त्यातून येतो."

"ठरवलं? बघितलं नाही?"

"दिसत नाही ते."

"हाताला लागतं?"

"नाही."

"वास? वजन?"

"नाही."

"आमच्याकडे याला थाप म्हणतात. बरं, पुढे?"

पुढे मी तिला सायकलचा दाखला दिला. वारा पडलेला असला तरी सायकल पळवली की तोंडावर वारा लागतो. तशी पृथ्वी या इथरमधून सेकंदाला तीस किलोमीटर पळते, म्हणजे इथरचा वारा लागायलाच हवा. तो मोजायचा कसा? एकाच दिव्याचा प्रकाश अर्ध्या चांदीच्या काचेवर फोडायचा आणि दोन वाटांनी पाठवायचा, एक वाऱ्याच्या तोंडावर, एक आडवा. दोघं सारखंच अंतर जाऊन आरशांवरून परत येतात. वारा असेल तर एकाला जरा उशीर होईल. परत येऊन दोघं मिसळले की दुर्बिणीत काळे-उजळ पट्टे दिसतात. शिळा फिरवली की दोन वाटांची अदलाबदल होते, आणि पट्टे बाजूला सरकायला हवेत. जवळजवळ अर्ध्या पट्ट्याइतके.

"सरकले?"

"नाही."

"मग वारा नाही."

"इतकं सोपं नसतं ते."

"का नसतं? घरात चोर आहे का बघायला पहारेकऱ्याला पाठवलं. तो कानाकोपरा बघून आला, म्हणाला, कुणी नाही. तुम्ही सगळ्यांनी मिळून पहारेकऱ्यालाच हाकललंत."

मी म्हणालो, "नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, तसं झालं. वारा सापडेना, आरसा वाकडा."

"छान सुचलं," ती म्हणाली. "सहा वर्षांपूर्वी, त्या समितीसमोर, का नाही सुचलं?"

मी पाणी प्यायला उठलो.

समितीचा दिवस तुम्हाला माझ्याहून जास्त आठवत असणार. तीन विद्वान, एक लांब टेबल. त्यांचं म्हणणं, वहीतून असं दिसतं की पट्टे दिसतच नव्हते, तेव्हा आरसे खराब. तुम्ही ओरडलात, "दिसत होते! मी स्वतः बघत होतो!" आणि माझ्याकडे बघितलंत. मी शाईची दौत टेबलाच्या कडेशी काटकोनात लावत होतो.

साडूबुवा, त्या वहीत एक गोम आहे. तुम्हाला ती वही कुणी दाखवली नाही, आणि मीही नाही. आज इतकंच लिहितो. तुम्ही कृती कळवा.


शुक्रवार, १४ मार्च

साडूबुवा,

पोचलं. तुमचा निरोप धाकटीच्या पत्रातून आला आणि थोरलीने तो मला उभं करून वाचून दाखवला. "त्यांना सांग, जुनी चांदी तेजाबाने उतरवायची. काच इतकी धुवायची की पाणी कुठेही थेंब होऊन थांबता कामा नये. भांडं काचेचंच. साखरेचं पाणी सगळ्यांत शेवटी. आणि उरलेलं मिश्रण ठेवू नका म्हणावं, वाळलं की फुटतं."

या शेवटच्या वाक्यासाठी आभारी आहे. मला उडवून लावायची एवढी सोपी संधी तुम्ही सोडलीत. आमच्यासारख्या आशाळभूत माणसाला एवढं पुरे.

पहिल्या खेपेला चांदीवर बुरशीसारखे डाग आले. दुसऱ्या खेपेला ती काचेवर बसायच्या ऐवजी माझ्या बोटांवर बसली. नखं काळी ठिक्कर झाली, साबणाने जाईनात. थोरलीने हात उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाली, "काळे होतेच. आता दिसायला लागले."

तिसऱ्या खेपेला मी तुमच्या सांगण्यातला एकेक शब्द मोठ्याने म्हणत काम केलं, आणि चांदी चढली. चारच दिवसांत आठही झाले. जुनी चांदी उतरवल्यावर प्रत्येक काच मी खिडकीशी नेऊन उजेडात धरत होतो. पाठीवर तुम्ही हिऱ्याच्या टोकाने कोरलेले आकडे आहेत, एक ते आठ. सहा वर्षांत काचेला काही झालेलं नाही. तोंड लपवायचं कारण तिला नव्हतं.

मोठ्या सरांच्या कानावर गेलं. जिन्यात गाठून म्हणाले, "तुम्ही खाली काय चालवलंय? आणि तो तुमचा नातेवाईक ना?"

"साडू."

"मग तुम्ही यात पडू नका."

"सर, मी सहा वर्षांपूर्वीच पडलोय. आता वर यायचं बघतोय."

त्यांना वाटलं मी विनोद केला. माझी ख्याती तशी आहे, आणि अशा वेळी ती उपयोगी पडते.

पण धाकटीच्या पत्रात अजून चार ओळी होत्या. त्या तुम्हाला न सांगता लिहिल्या असाव्यात, तेव्हा तिला रागावू नका. ती लिहिते की तुम्ही आता चष्म्याची साधी काचसुद्धा तीन-तीनदा तपासता आणि तरी शेवटी तिच्या हातात देऊन विचारता, "तुला नीट दिसतंय ना?" ती लिहिते की एकदा तुम्ही म्हणालात, "एवढी शिकलेली माणसं म्हणतात पट्टे नव्हते, तर नसतीलही. मला दिसल्यासारखं वाटलं असेल."

हे वाचून झाल्यावर थोरलीने पत्राची घडी केली, माझ्यासमोर ठेवली आणि आत गेली.

मला वाटत होतं तुमची नोकरी गेली. डोळेही गेले हे मला माहीत नव्हतं.


बुधवार, १९ मार्च

अरे,

आज तुम्ही-आम्ही जमणार नाही. आपण अरे-तुरे करणारे लोक होतो. कबुली द्यायची ती त्याच भाषेत देतो.

उपकरण लागलं. अडचण एकच राहिली, बघणार कोण? माझे डोळे आता पन्नाशीकडे झुकलेत. मग थोरलीच म्हणाली, "मी येते. मला सुईत दोरा अजून पहिल्या फटक्यात ओवता येतो." आज दुपारी बारा वाजता ती तळघरात उतरली. जोडे बघून म्हणाली, "हे दोन्ही डावेच आहेत." मी म्हटलं, "तशी नोंद मागणीपत्रात नाही." तिने सरळ अनवाणी जायचं ठरवलं.

डोळा नळीला लावला, नळी जरा पुढे-मागे केली. मग म्हणाली, "अगंबाई."

"काय दिसतं?"

"पट्टे. विंचरलेल्या केसांसारखे सरळ. मधे एक काळा, आणि बाजूच्यांना रंगीत कडा. इतकं स्वच्छ! आणि हे आरसे खराब म्हणे?"

दीड टनाची ती शिळा मी एका बोटाने ढकलली. आठवतं ना, पाऱ्यावर कशी निघते, झोपेत कूस बदलल्यासारखी. थोरली नळीबरोबर वाकून चालू लागली. काठावरची पहिली खूण आली.

"काही नाही," ती म्हणाली.

मी लिहिलं.

दुसरी. "काही नाही." मी लिहिलं. तिसऱ्या खुणेला ती थांबली, वळली आणि माझ्या वहीत डोकावली.

"हे काय काढलंत?"

"काही नाही."

"ते मी म्हणाले. तुम्ही काय लिहिलंत?"

अरे, माझ्या हाताने आपणहून तीन आडव्या रेघा ओढल्या होत्या.

"रेघ म्हणजे काय?" तिने विचारलं. टेबलावर जुनी वही होती. तिने ती उघडली, पहिलं पान काढलं आणि वाचलं. तिथे नियम आहेत, माझ्या सुंदर अक्षरात, खाली दोनदा अधोरेखित: 'शून्य: नोंद घेतली, फरक आढळला नाही. रेघ: नोंद घेता आली नाही.'

मग तिने पुढची पानं उलटली. सावकाश, एकेक.

"सगळ्या?"

"पाचशे एकसष्ट," मी म्हणालो. "बाकी चौदा ठिकाणी तो 'केसभर' म्हणाला होता, तिथे केसभर लिहिलंय."

आता तुलाही कळलं. तू दर खुणेला नीट बघत होतास आणि ओरडत होतास, "काही नाही!" आणि मी रेघ ओढत होतो. का? मोठं कारण सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. शून्य काढायला टाक गोल फिरवावा लागतो, रेघ ओढून मोकळं होता येतं. तळघरात गारठा होता. आणि खरं सांगू? पानभर शून्यं दिसली की काम न केल्यासारखं वाटायचं. काही झालंच नाही तर लिहायचं काय, असं मला वाटलं. काही न होणं हीच मोजणी होती, हे तुला कळत होतं, म्हणून तू प्रत्येक 'काही नाही' इतक्या जोरात ओरडायचास. मला ते तुझं खूळ वाटायचं.

समितीला त्या रेघांवरून दिसलं की पाचशे एकसष्ट वेळा पट्टे दिसलेच नाहीत. मोठ्या सरांनी मला विचारलं होतं, तू आत यायच्या आधी, "या रेघांचा अर्थ काय?" मी उत्तर दिलं, "पहिल्या पानावर लिहिलंय तसा, सर."

यात एक शब्द खोटा नाही. सहा वर्षं मी त्या वाक्याची मनातल्या मनात तपासणी करतो आहे, दर वेळी ते निर्दोष निघतं. ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ असतात. मी ताकच लपवलं आणि भांडं पुढे केलं. माझी चूक आहे म्हणालो असतो तर दुसऱ्या दिवसापासून मी घरी बसलो असतो. तू बसलास.

थोरली रडेल असं मला वाटलं. तिने पदराने नळीची काच पुसली, पुन्हा डोळा लावला आणि म्हणाली, "त्या तीन खोडा. शून्यं काढा. नीट गोल. ढकला शिळा."

सहा फेऱ्या केल्या. शहाण्णव नोंदी. दर वेळी ती मागे वळून वहीत बघत होती. चौऱ्याण्णव शून्यं, दोन केसभर, बाहेरून गाडी गेली तेव्हाचे.

घरी आल्यावर म्हणाली, "आता हे सगळं त्यांना लिहा. आजच. टपालात मी टाकीन, तुमच्यावर माझा विश्वास नाही."

तेव्हा हे पत्र तुझ्या हातात पडलं असेल तर ते तिच्यामुळे. पण लिहिलं मी. तुला पट्टे दिसले होते. ते होते.


मंगळवार, २५ मार्च

अरे,

तुझ्याकडून काही नाही. बरोबर आहे. तुझ्या जागी मी असतो तर मीही दोन-चार वर्षं घेतली असती. पण माझ्याकडे सहाच दिवस उरलेत, म्हणून पुढचं कळवतो.

बायकोची साक्ष चालणार नव्हती. बायको कारागिराची मेव्हणी, शिवाय तिला पगार नाही, आणि जिला पगार नाही तिला दिसलेलं शास्त्रात धरत नाहीत. मोठ्या सरांनीच डोळा लावायला हवा होता. गंमत बघ, इथरवर तीस वर्षं व्याख्यानं दिलेल्या या गृहस्थाने त्या नळीतून एकदाही पाहिलेलं नव्हतं. गुडघे दुखतात आणि तळघराला बावीस पायऱ्या आहेत.

मी ज्यात तरबेज आहे ते केलं. मसुदा केला. वेधशाळेला उत्तर लिहून त्यांच्यासमोर सहीला ठेवलं: 'सदर आरसे सदोष असल्याचे मी स्वतः उपकरणात पाहून खात्री केली आहे.'

सर टाक उचलता उचलता थांबले. "मी कुठे पाहिलंय?"

"नाही पाहिलंत?"

"नाही."

"मग सर, एक तर हे वाक्य खोटं आहे, नाही तर बावीस पायऱ्या आहेत."

टाक दौतीत परत ठेवला. मग उठले.

तळघराच्या दाराशी त्यांनी जोडे चढवले, चार पावलं टाकली आणि डावीकडच्या भिंतीला धरून म्हणाले, "हे दोन्ही एकाच पायाचे कसे?" माझी तक्रार अशा रीतीने सर्वोच्च पातळीवर पोचली.

त्यांनी डोळा लावला. "पट्टे तर स्पष्ट आहेत," ते म्हणाले, जरा नाराजीनेच. मी शिळेला बोट लावलं. पहिली खूण.

"काही नाही."

"काय लिहू, सर?"

"काही नाही, असं लिहा."

"काही नाही कसं लिहितात, सर?"

"अहो, शून्य! शून्य लिहा! दुसरं कसं लिहितात?"

मी शून्य काढलं. आणि मग जुनी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. "मी असं लिहिलं होतं."

त्यांनी रेघांवरून बोट फिरवलं. पहिलं पान उलटून पाहिलं. पुन्हा रेघांकडे आले.

"हे अक्षर तुमचं."

"हो."

"मी तुम्हाला अर्थ विचारला होता."

"विचारला होतात. मी तुम्हाला पहिलं पान दाखवलं. त्याला प्रत्येक खुणेला दिसत होतं, सर. तो ओरडून सांगत होता. तळघराबाहेरच्या गाडीवानांनीही ऐकलं असेल."

सर खालच्या पायरीवर बसले. मला वाटलं आता माझ्यावर ओरडतील. पण त्यांनी वही मांडीवर घेतली आणि पानावरची तारीख पाहिली. मग म्हणाले, "तेव्हा सप्टेंबर होता. कदाचित पृथ्वी योगायोगाने इथरच्या बरोबरीने चालली असेल, म्हणून वारा लागला नसेल."

"आता मार्च आहे. पृथ्वी सूर्याच्या दुसऱ्या अंगाला आहे, उलटी चालली आहे. आता तरी दुप्पट लागायला हवा होता."

"हो," ते म्हणाले. "हो." आणि मग हळूच, "तीस वर्षं शिकवलं हो मी."

मला त्या माणसाची कीव आली, हेही तुला सांगून टाकतो. आपल्या दोघांचं भांडण एका कारागिराच्या नोकरीवरून. त्यांचं सगळं आकाशच रिकामं झालं होतं. मी म्हटलं, "सर, आमच्या घरात एक मत असं आहे की ते इथर मुळात नसेलच."

"हे कुणाचं मत?"

"सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवणाऱ्या बाईचं."

ते हसले नाहीत. गुडघ्यावर हात टेकून उठले, पुन्हा नळीकडे गेले. "दुसरी खूण," ते म्हणाले. सोळाही खुणा पाहिल्या. वाकून, त्या दोन डाव्या जोड्यांत, भिंतीवर आपटत. एकही सोडली नाही. सोळा शून्यं.

वर येऊन त्यांनी नवं पत्र स्वतःच्या हाताने लिहिलं. नक्कल माझ्याकडे आहे, तुझ्यासाठी उतरवतो: 'सदर आरसे निर्दोष होते व आहेत. मी स्वतः पाहिले. मूळ नोंदी आमच्या कारकुनाने चुकीच्या चिन्हाने लिहिल्या व मी त्या चुकीच्या वाचल्या. कारागिराने जे पाहिले ते खरे होते. या प्रयोगशाळेने त्यास कमी केले, ही आमची चूक होय.' जुन्या वहीतल्या रेघा मी खोडू नयेत असं त्यांनी बजावलं. शेजारी लाल शाईने खुलासा करायचा, खाली माझी सही. दोन दिवस तेच करतो आहे. पाचशे एकसष्ट सह्या. मनगट आता खरोखरच दुखतंय.

एक तारखेपासून माझी बदली भांडारात. वह्यांना हात लावायचा नाही. थोरलीला सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं. बादल्या तरी बरोबर मोजाल." डब्याचं झाकण मात्र आज हळू लावलं.


सोमवार, ३१ मार्च

अरे,

तुझं पत्र मिळालं. दोन ओळी. पहिली ओळ थोरलीला दाखवायची नाही असं ठरवलं होतं. तिने माझ्या हातातून घेऊन वाचली आणि म्हणाली, "कमीच आहे." दुसऱ्या ओळीचं उत्तर: होय, तिसरा आरसा अजून स्क्रू सैल झाला की डावीकडे झुकतो. मी खाली कागदाची घडी घातली. तू असतास तर शिसं घातलं असतंस, ठाऊक आहे.

वेधशाळेचं कळलं. धाकटीच्या पत्रातलं अर्धं शाईने लिहिलेलं आहे, अर्धं रडून पुसलं गेलंय. त्या आरशाला वर्ष लागेल म्हणतात. लागू दे. घासताना मधेच कुणाला "तुला नीट दिसतंय ना" असं विचारू नकोस.

सर हा निकाल छापायला पाठवणार आहेत. 'लोक हसतील' म्हणत होते. मी म्हटलं, हसू द्या. हसून झालं की त्यांतला एखादा विचार करील की वारा का नाही, आणि ते काम आपलं नाही. आपलं काम बघायचं आणि बघितलं ते लिहायचं. निम्मं तू सहा वर्षांपूर्वी केलंस. निम्म्याला मला एवढा वेळ लागला.

पारा आज चार वाजता उतरवायचा होता. मी तीनला एकटाच खाली गेलो.

लाल शाईने खुलासे लिहिताना एक गोष्ट सापडली. जुन्या वहीच्या शेवटच्या फेरीत, सोळाव्या खुणेसमोर रेघसुद्धा नाही. कोरी जागा. मग आठवलं. त्या संध्याकाळी माझे पाय गारठले होते. तू म्हणालास, "एक राहिली." मी वही मिटली आणि म्हटलं, "उद्या घेऊ, एका खुणेने काय वारा सुटणार आहे?" दुसऱ्या दिवशी समितीने तुला बोलावलं.

चष्म्यासकट डोळा नळीला टेकवला. पट्टे जरा धूसर होते, पण होते. बोटाने शिळा ढकलली आणि तिच्याबरोबर चालत गेलो, पंधरा खुणा मोठ्याने मोजत. सोळावी आली. काळा पट्टा जिथे होता तिथेच होता.

जुनी वही उघडली. त्या जागेत शून्य काढलं, दोन्ही टोकं नीट जुळवून. शेजारी आजची तारीख घातली, 'साडूची राहिलेली' असं लिहिलं आणि दिवा मालवून वर आलो.